मापाला उभी केलेली बाई

तेव्हा तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मागून कुणी बोलायला नको, का तिथं कुणी नव्हतंच.

कॉलेजचे सर होते. डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यांची पोरं होती, गाडीभर. त्यातली दोघं मला पक्की आठवतात. एक चष्मा लावलेली पोरगी, तिच्या हातात टेप. एक उंच पोरगा, त्याच्या हातात हातोडा. अण्णा होते. अण्णा म्हणजे आमच्या वाडीच्या आजूबाजूची सगळी जमीन ज्यांच्या कागदावर हाय ते. पेणला शाळेत मास्तर होते, सुट्टीला गावातल्या घरी यायचे. माझी नात मनी होती, लेकाची पोर, माझ्या पदराला धरून. पावलं अजून इवली होती तिची. मी होते.

आणि सोमी होती. माझी पोर. ती खाली होती, जमिनीत.

रोह्याच्या अलीकडं, डोंगराला लागून आमची वाडी. वाडीच्या वर काळा कडा हाय. वखारीत ओंडके आडवे रचतात ना, तसा दिसतो. त्याच्या पायथ्याला थोडी सपाट जागा. वाडीतलं लहान लेकरू गेलं का तिथं पुरतात. उशाला दगड ठेवतात. बाकीच्यांनी डोंगरातलाच ठेवलेला, काळा. सोमीचा तेवढा वेगळा. तिच्या बापानं कुंडलिकेच्या पात्रातनं उचलून आणलेला. गोल, गुळगुळीत, अंगावर पांढरे ठिपके. खांद्यावर घेऊन आला नदीपासनं. वाटेत कुठं खाली ठेवला नाय. का आणला, मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. सोमीला नदीचं पाणी आवडायचं. एवढंच.

सोमी तापानं गेली. रोह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत अष्टमी गावच्या पुलावर माझ्या मांडीवरच गेली. ते आता सांगत बसत नाय.

त्या दिवशी मी लाकडाची मोळी घेऊन उतरत होते. मनी पुढं. कड्यापाशी माणसं दिसली. मी बाजूनं जायला लागले. अण्णांनी हाक मारली.

“ए, इकडं ये. सर बोलवतात.”

मी गेले. अण्णा बोलवतात आणि आपण जात नाय, असं आमच्याकडं कधी झालंच नव्हतं. माझा सासरा जायचा, माझा नवरा जायचा, मी गेले.

सरांनी मला बघितलं. म्हणजे माझ्याकडं नाय. माझ्या डोक्यापासून पायापर्यंत. मग बोलले, “बरोबर आहे. तिथं उभी करा, कड्याला लागून.”

अण्णा बोलले, “जा, उभी राहा.”

मी मोळीसकट उभी राहिले. सर बोलले, “मोळी नको. उंची चुकते.”

मोळीनं काय चुकतं ते मला कळलं नाय. मोळी खाली ठेवली. पाठ कड्याला लावली. चष्म्याची पोरगी आली, माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत तिनं टेप धरली. तिचं बोट माझ्या केसांना लागलं. तिनं बोट पँटला पुसलं. मुद्दाम नाय पुसलं. तेलाचे केस होते, लागलं, पुसलं. पण मी बघितलं. इंग्रजीत आकडा ओरडली. एकानं लिहून घेतला. माझं नाव कुणी विचारलं नाय.

“हलू नको हां,” अण्णा बोलले.

“सरळ. हनुवटी वर. हलायचं नाही,” सर बोलले.

मी हलले नाय. सर मागं मागं गेले, कॅमेरा डोळ्याला लावून. सूर्य माझ्या डोळ्यात. मी बघत होते समोर. समोर ती सपाट जागा.

तेव्हा त्या उंच पोराला दगड दिसला.

“सर! हा वेगळाय! पांढरे ठिपके आहेत!”

“घे सॅम्पल,” सर कॅमेऱ्यामागनं बोलले. “फ्रेश तुकडा घे. आतला.”

पोरानं हातोडा उचलला.

मी तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला. गप, असा. मास्तर पोरांना करतात तसा. आणि माझे पाय कड्याला चिकटल्यागत झाले. हलू नको बोलले होते. मी उभी होते. माझ्या डोळ्यासमोर त्यानं मारला. एक. दगड फुटला नाय. पोरं हसली. दुसऱ्यांदा मारला. फुटला.

तो आवाज. तो मी कसा सांगू. नारळासारखा नाय. काळा दगड फुटतो तसा पण नाय. नदीच्या दगडाचा आवाज वेगळा असतो. आतनं येतो.

मोठा अर्धा भाग त्यांनी कापडी पिशवीत घातला, पिशवीवर पेनानं काहीतरी लिहिलं. उरलेला पायानं बाजूला केला. तो घरंगळत खाली ओढ्यात गेला. मनी पळत गेली आणि जमिनीवरनं दगडाची एक चिप, कपची, उचलली. नखाएवढी.

“झालं,” सर बोलले. “थँक्यू हां, मावशी.”

अण्णांनी बिस्किटाचा पुडा फेकला. मनीनं झेलला.

मी मोळी डोक्यावर घेतली आणि उतरले. उतरताना सोमीच्या उशाकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर मोळी पडली असती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चुलीपुढं बसला होता. चुलीत लाकूड पुढं सारलं. मग बोलला, “अण्णा होते का तिथं?”

“व्हय.”

“मग काय बोलणार.”

तो उठला आणि बाहेर गेला. दुसरा दगड आणू का, असं त्यानं एकदा विचारलं. मी नको बोलले. दुसऱ्या दगडाला ती ओळखायची नाय. तो पण मग गेला, नवरा. सोमीचं उसं मोकळंच राहिलं. पावसात तिथं खळगा होतो, पाणी साचतं. शेळ्या येऊन पितात.

लोकं बोलतात, म्हातारी जाम सोसते. सोसत नाय मी. मला ऐकू येतं. देवळात नारळ फोडला का माझा खांदा उडतो. खडी फोडायच्या कामावर गेले होते एकदा नागोठण्याच्या बाजूला, दुपारपर्यंत पण टिकले नाय. मुकादम बोलला, नाटकं करते. रेशनच्या रांगेत कुणी बोललं ना, “सरळ उभी राहा गो,” तर पाय धरतात. पुढची बाई पुढं जाते, मी तिथंच. मागची ढकलते तेव्हा सुटतात.

आणि सोमी दिसते. मोठी होत नाय ती. कड्यापाशी उभी असते आणि मला विचारते, आये, तू हललीस का नाय गो?

तिला काय सांगू. माझं मलाच माहीत नव्हतं, का मला तिथं उभी केली होती ते.

ते मला मनीनं सांगितलं.

मनी शिकली. आश्रमशाळेत, मग पेणला होस्टेलमध्ये राहून. पुढं कॉलेजात गेली. तिच्या बापाला वाटलं नर्स होईल. ती बोलली, मला दगडाचं शिकायचंय. बाप हसला. “दगड फोडायला कॉलेज लागतं काय गो? तुझी आजी बिगर कॉलेजची गेली होती फोडायला.” मी नाय हसले. मला ती चिप आठवली. कंपासपेटीत ठेवायची ती. पेनाच्या टोपणाशेजारी, खोडरबराशेजारी. कधी काढून दाखवायची नाय, कधी टाकायची पण नाय.

सुट्टीला आली का अंगणात बसून मला दाखवायची. हातोडा कसा धरतात. डोळ्याला काच लावून दगडातले दाणे कसे बघतात. एक डबी होती तिच्याकडं, त्यात पाण्याचा बुडबुडा आणि सुई. ती उतारावर टेकवून थर कुठल्या बाजूला झुकलाय ते सांगायची. बोलायची, हा सगळा डोंगर एके काळी विस्तव होता, आजे. पातळ, वाहणारा. एकावर एक थर येऊन थंड झाला.

“मग हा कडा?”

“तो मागून आला. चिरेतनं वर घुसला.”

मी विचारलं, “फोडता कशाला पण? असाच नाय दिसत?”

“बाहेरचा भाग ऊन-पाण्यानं बदललेला असतो. आतला खरा रंग बघायचा तर फोडायला लागतं. आणि कुठनं घेतला ते लिहायला लागतं. कुठला गाव, कुठला ओढा, वरची बाजू कुठली. नाय तर त्या दगडाला काय अर्थ नसतो.”

मी कड्याकडं बघत बसले. ती पण.

मोठ्या कॉलेजात गेली त्या वर्षी ती मधेच आली. सुट्टी नव्हती. पेणहून एसटीनं आली, पिशवी पण नाय हातात. जेवली नाय. भांडी घासायला बसली तर एकच पातेलं घासत राहिली.

“काय झालं गो?”

“काय नाय.”

“पोरगा हाय काय कोण?”

“नाय गो, आजे!”

मग बोलली. वर्गात सर शिकवत होते, डोंगरात फोटो कसा काढायचा. तेच सर. टोपी आता नाय, केस पांढरे झालेत. सर बोलले, फोटोत नुसता दगड काढला तर तो केवढा ते कळत नाही. म्हणून शेजारी मापाला काहीतरी ठेवायचं. लहान दगडाला नाणं. त्याहून मोठ्याला पेन. त्याहून मोठ्याला हातोडा. आणि कडा असला तर माणूस.

आणि पडद्यावर मी आले.

मोठी. भिंतीएवढी. पाठ कड्याला, हनुवटी वर, डोळे बारीक. खाली इंग्रजीत लिहिलेलं. मनीनं मला मराठीत सांगितलं. मापासाठी, स्थानिक बाई.

“पोरं काय बोलली?” मी विचारलं.

“एक बोलला, ही पाच फूट असेल काय? दुसरा बोलला, कुठली पाच, सगळाच कडा मोठा दिसणार मग. सगळे हसले.”

“सर?”

“सर पण.”

तिनं पातेलं खाली ठेवलं. “मी पण हसले, आजे.”

मला तिचा राग आला नाय. शंभर पोरांत एकटी वाडीची पोर बसलेली. हसायचं का नाय ते तिच्या हातात होतं काय? माझे पाय माझ्या हातात होते काय?

मी एवढंच विचारलं, “सोमीची जागा दिसते फोटोत?”

“कोपऱ्यात दिसते. पोराचा हातोडा वर उचललेला दिसतो.”

म्हणजे तो फोटो तेव्हाचाच होता. मारायच्या आधीचा. दगड अजून आख्खा. मी उभी. आणि इतकी वर्षं दर वर्षाला नवी पोरं तो बघतात आणि त्यातनं शिकतात.

नाणं. पेन. हातोडा. मी.

त्या दिवसापासून एक गोष्ट झाली. सोमी दिसायची ती दिसायचीच. पण ती विचारायची तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मला माणूस म्हणून थांब बोलले नव्हते, पोरी. काठी रोवतात तशी रोवली होती.

आणि मग ते परत आले.

मागच्या थंडीत. तेच सर, नवी पोरं, मोठी गाडी. मनी त्यांच्यातच. त्यांचा कॅम्प रोह्याला होता, दिवसभर आमच्या बाजूच्या डोंगरात फिरायचे. मनीनं सरांना सांगितलं नव्हतं, का ही वाडी तिची. पेणची बोलायची ती. मला निरोप धाडलेला, आजे, त्या दिवशी वर येऊ नको. मार्क सरांच्या हातात होते. मला समजलं. पण गाडीचा आवाज आला आणि मी वर गेले. मोळी नाय, काय नाय. हात हलवत गेले.

सोमीच्या खळग्यापाशी जाऊन बसले.

अण्णा होते. म्हातारे झालेत, काठी आलीय हातात. माझ्याएवढेच म्हातारे. सरांना जागा दाखवायला आलेले.

“अरे वा,” अण्णा बोलले, “ही बघा सर, तीच बाई. अजून हाय.”

सर खूश झाले. खरंच खूश. माणूस वाईट नाय तो. तेच मला टोचतं. पुढं येऊन बोलले, “आजी, ओळखलं का? तुमचा फोटो आमच्याकडं आहे. किती वर्षं मी मुलांना दाखवतो! आज परत काढू या. तीच जागा, तीच बाई. कड्याची झीज किती झाली ते दिसेल.”

“माझी किती झाली ते पण दिसेल,” मी बोलले.

पोरं हसली. सर पण हसले. “उठा, पाचच मिनिटं.”

“नाय.”

“काय?”

“नाय उठत.”

अण्णांनी काठी आपटली. “ए म्हातारे, ऊठ. सर एवढ्या लांबनं आलेत.”

“दमले असतील. त्यांना पण बसवा.”

कोण तरी पोरगी फिसकन हसली. अण्णांचा चेहरा लाल झाला. मी मनीकडं बघितलं नाय. ती टेप धरून उभी होती, कड्यापाशी. तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होतं.

सर गुडघ्यावर बसले, माझ्यासमोर. समजावून सांगायला लागले. फोटोत दगडाशेजारी मापाला काहीतरी लागतं, आजी. हातोडा ठेवतो, पेन ठेवतो.

“मग हातोडा ठेवा.”

“एवढ्या मोठ्या कड्याला हातोडा दिसत नाही हो.”

“मग तुम्ही उभे राहा.”

आता कुणी हसलं नाय.

सर उठले. पँटची माती झटकली. “मनीषा,” त्यांनी हाक मारली, “तू इकडचीच ना? यांना तुमच्या भाषेत समजाव जरा.”

मनी आली. माझ्यासमोर उभी राहिली. कॉलेजचे बूट, हातात टेप, कमरेला हातोडा. मी तिच्या बुटांकडं बघत होते. खळग्याच्या अगदी कडेला होते ते. ती बूट काढायला लागली. नाडी सुटेना. खाली बसून सोडली. बूट बाजूला ठेवले, हातोडा काढून त्यांच्यावर ठेवला आणि माझ्याशेजारी मांडी घातली.

“सर, ही माझी आजी,” ती बोलली. “आणि हिथं माझी आत्या हाय. तुमच्या पोरानं फोडला तो दगड तिच्या उशाचा होता.”

वारा पण नव्हता. सगळी पोरं आपापल्या पायाखाली बघायला लागली. दोघं-तिघं मागं सरकली. कुठं सरकणार? मागं पण लेकरंच होती, आमच्या वाडीची.

“आधी सांगायचंस ना,” सर बोलले. हळू.

“कधी सर? वर्गात? सगळे हसत होते तेव्हा?”

अण्णा बोलले, “जमीन माझी हाय. इथं कोण कुठं पुरलंय ते मला विचारून पुरलं काय?”

मी अण्णांकडं वर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, बसून. “अण्णा, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. सोमीला पुरलं तेव्हा तुम्ही बांधावर उभे होतात. दगड कुणाचा ते तुम्हाला माहीत होतं. सरांना नव्हतं. तुम्हाला होतं.”

अण्णा काठीनं गवत खरवडत राहिले.

मी सरांना बोलले, “माझा दगड द्या.”

“तो... ते फार जुनं सॅम्पल, आजी. कापून त्याच्या काचेएवढ्या पातळ चकत्या केल्या असतील. बाकीचं, डिपार्टमेंट नव्या इमारतीत गेलं तेव्हा टाकून दिलं.”

“कुठं टाकलं?”

“आता कसं सांगणार...”

“कुठनं घेतला ते लिहिता ना तुम्ही? गाव, ओढा, वरची बाजू? मनी सांगते, तसं नाय लिहिलं तर दगडाला अर्थ नसतो. सोमीच्या दगडाचं काय लिहिलंत?”

उत्तर मनीनं दिलं. तिनं कॉलेजात दगडांच्या नोंदीचा जुना कागद बघितला होता.

“उतारावर सुटा पडलेला दगड, असं लिहिलंय,” ती बोलली.

सुटा पडलेला.

सर बोलले, “मी दुसरा देतो, आजी. चांगला. मुलं बसवून देतील, सिमेंटमध्ये. नाव पण कोरून देऊ.” डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. असेल.

“पोर पण दुसरी देता?” मी बोलले.

ते गेले. गाडी खाली उतरली. मनी गेली नाय त्यांच्याबरोबर, चालत गेली मागनं. जायच्या आधी तिनं खिशातनं ती चिप काढली, माझ्या हातावर ठेवली. “उशाला ठेव, आजे.”

मी परत तिच्या हातात दिली. नखाएवढ्यावर डोकं टेकत नाय कुणाचं. आणि ती ठेवली असती तर सगळ्यांना वाटलं असतं, झालं, मिटलं. मिटलेलं नाय. खळगा तसाच राहील. बघणाऱ्याला दिसू दे.

मनीला त्या कामाचे मार्क कमी पडले. का पडले ते कुणी सांगितलं नाय. ती शिकणं सोडणार नाय. मी सोडू देणार नाय. ती आता डोंगरात जाते तर आधी वाडीत जाते. म्हातारीला विचारते, हिथं कोण हाय? मग हातोडा काढते. एका वाडीत नको बोलले, तर परत आली. सर बोलले, असं केलं तर काम कसं होणार? ती बोलली, मग नाय होणार.

सोमी अजून दिसते. आवाज अजून येतो. मला वाटलं होतं, बोलले का थांबेल. थांबला नाय. पण आता डोंगराखाली गाडी वाजली का मी वर जाते आणि बसते. कुणी ऊठ बोललं तरी उठत नाय. सरळ उभी राहा बोललं तरी नाय. पाय धरतात अजून. धरू देत. बसलेल्या बाईचं माप घेता येत नाय.

हे मी सांगितलं, मनीनं लिहिलं. ती मधे मधे नीट करायला बघत होती. मी बोलले, मी बोलते तसं लिही.

वाचणाऱ्याला एक सांगणं. तो फोटो कुठं तरी असेल. भिंतीवर असेल, पुस्तकात असेल, पोरांना दाखवायच्या मशीनमध्ये असेल. काळा कडा, ओंडक्यांसारखा, त्याला पाठ लावून एक बाई, हनुवटी वर. कोपऱ्यात हातोडा उचललेला पोरगा. तुम्हाला दिसला, तर खाली लिहिलंय ते खोडा. माझं नाव घालू नका, मला नको. तिथं एवढंच लिहा, का पोराच्या हातोड्याखाली हाय तो सोमीचा दगड, आणि ही उभी हाय ती सोमीची आई.